सायकलचा व्हॉल आणि माझा

माझ्या काळजाची झडप अरुंद होत चालली होती आणि मी दोन वर्षं सायकलची व्हॉलट्यूब बदलत राहिलो.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. घर वर्ध्याजवळच्या सेलूला, आणि मी मास्तर होतो ती शाळा तिथून तीन मैलांवरच्या खेड्यात. रस्ता सगळा सपाट, फक्त शेवटी नाला ओलांडला की एक चढ. चढ म्हणजे काही घाट नव्हे. कापसाने भरलेल्या बंडीचे बैलही तो मान हलवत चढून जायचे. मी मात्र मध्यावर उतरायचो, आणि कुणी बघत असलं तर खाली बसून चेन बसवायचो. बघणारे वाढले तशी चेन जास्त पडायला लागली.

शाळेत पोचल्यावर तोंडातून शब्द फुटायला पाव तास लागे. तेवढा वेळ मी पोरांना पाढे म्हणायला लावी. आधी नुसते पाढे पुरत. पुढे पावकी-निमकी लागली, मग सवायकी, मग दिडकी. माझी झडप जसजशी मिटत गेली, तसतसं शाळेचं गणित सुधारत गेलं. तपासणीला आलेले डिप्टीसाहेब पोरांची दिडकी ऐकून इतके खूश झाले की त्यांनी शेऱ्यात माझ्या ‘परिश्रमांचा’ उल्लेख केला. परिश्रम होतेच, फक्त ते श्वास घेण्याचे होते.

घरी मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचो. बायकोने कारण विचारलं तेव्हा आडवं पडलं की विचार सुचत नाहीत, असं सांगितलं. तिने सरळ विचारलं, बसून तरी कोणते सुचले?

सायकल दुरुस्त करणारा माझ्याच वयाचा होता. स्टेशनच्या वाटेवर त्याचं पत्र्याचं दुकान. दर महिन्याला मी त्याच्याकडे जाऊन सांगे की सायकल जड चालते, कुठूनतरी हवा जाते. त्याने दोन्ही चाकांच्या व्हॉलट्यूबा, म्हणजे व्हॉलवरच्या हवा अडवणाऱ्या रबरी नळ्या, बदलल्या. चाकांतले छर्रे बदलले. मग पुन्हा व्हॉलट्यूबा बदलल्या. शेवटी एका रविवारी तो माझ्याबरोबर त्या चढापर्यंत आला, माझ्याच सायकलवर बसला आणि शीळ वाजवत वर जाऊन परत खाली आला. मग म्हणाला, आता तुम्ही नुसते पायी चढून दाखवा.

मी वीस पावलं गेलो आणि बांधावर बसलो.

“गुरुजी,” तो म्हणाला, “सायकल ठणठणीत हाय. खराबी सवारीत हाय.”

मला राग आला, पण तो बोलून दाखवायलाही दम नव्हता. त्याने मागून येणारी बंडी थांबवली, मला तीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी बायकोने मला वर्ध्याच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का ते विचारलं. आला होता, महिनाभर शाळा बुडाली म्हणून मी खुशीत होतो. मग डॉक्टर म्हणाले, “तुमच्या हृदयाचा एक व्हॉल्व अरुंद झालाय.”

“डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो, “तो तर संक्रांतीलाच बदलला.”

पुढचं सगळं ते बायकोशीच बोलले.

मुंबईच्या एका इस्पितळात ऑपरेशन झालं. काळजाची झडप बदलण्याची सोय तेव्हा नव्हती. डाव्या कुशीला चीर द्यायची, चालत्या काळजात बोट घालायचं आणि चिकटलेली झडप बोटाने मोकळी करायची. सर्जनसाहेबांनी हे मला कागदावर काढून दाखवलं, तेव्हा मी त्यांच्या बोटाकडेच बघत राहिलो. बोट जाड होतं. शुद्धीवर आलो तेव्हा कूस अशी दुखत होती की जणू बैलाने शिंग घातलं असावं. पण त्या रात्री मी दोन वर्षांनी प्रथमच जवळजवळ आडवा झोपलो.

परतल्यावर सायकलवाला भेटायला आला. नवा पार्ट टाकला नाही, जुनाच खरडून बसवला, हे ऐकून त्याचं तोंड पडलं. किती दिवसांची गॅरंटी दिली, असं त्याने विचारलं. ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

सहा महिने सायकल बंद, असा हुकूम होता. बायकोने ती गुरांच्या कोठ्यात, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे लपवली. इकडे शाळा चालवणाऱ्या जनपद सभेचं पत्र आलं: उन्हाळ्यानंतर शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हा, नाहीतर जागी दुसरा मास्तर नेमू. तो चढ मला चढता येईल की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. आणि तो शाळा उघडेपर्यंत पोटात ठेवणं मला जमेना.

चौथ्या महिन्यात, बायको शेजारणीकडे कुरड्या घालायला गेली असताना, मी पऱ्हाट्या उपसल्या. दोन्ही चाकं बसलेली होती. पंप मारला; तीस-चाळीस दट्टे दिले असतील. मग टांग मारली आणि निघालो.

पहिला मैल मी पिसासारखा गेलो. दुसऱ्या मैलाला पाय भरून आले. नाल्यापाशी पोचेस्तोवर पायडल दगडासारखं झालं, आणि मी एका हाताने हॅन्डल आणि दुसऱ्याने आपली नाडी धरली. चढाच्या पायथ्याशीच सायकल थांबली. झालं, म्हटलं, झडप पुन्हा मिटली. त्याच बांधावर बसलो, डोळे मिटले आणि जनपदाला राजीनामा लिहायला घेतला, मनातल्या मनात. ‘सबब’ या शब्दापर्यंत आलो होतो.

डोळे उघडले तर सायकलवाला समोर उभा होता. बायकोला कोठ्यात नुसत्या पऱ्हाट्या दिसल्या होत्या, आणि तिने त्याला माझ्यामागे पिटाळलं होतं. मी त्याला हळू आवाजात सांगितलं की संपलं, घरी कळव. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. मागचं चाक दाबलं. रिम जमिनीला टेकली होती. व्हॉल काढला, त्याची नळी दोन बोटांत चोळली, आणि चार महिने पडून सडलेलं रबर भुगा होऊन खाली पडलं.

“पंप कोनं मारला?”

“मी.”

“दम लागला?”

मी जरा आठवून बघितलं. “नाही.”

“आता लागून राह्यला?”

आता कुठे माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी धापा न टाकता बोलत होतो.

त्याने तो भुगा फुंकून टाकला. “दोन वर्सं तुमचा व्हॉल गेलता, तं सायकलीले बोलत राह्यले. आता सायकलीचा गेला, तं सोता मराले बसले. गुरुजी, तुमाले मास्तर कोनं केलं?”