फ्रिजमधला शेवटचा रोल

लेक नितेश वेळेवर जेवतो की नाही, ही काळजी अनिताबाईंनी केव्हाच मागे टाकली होती. आता त्यांना त्याच्या फ्रिजची काळजी लागली होती. परवा वालाचं बिरडं घेऊन त्या रोह्याला त्याच्या खोलीवर गेल्या, तर फ्रिजमध्ये दह्याची वाटी, अर्धं लिंबू आणि स्टीलच्या डब्यात कॅमेऱ्याच्या फिल्मचा तो एकुलता एक रोल. दिवाळीत पाहिला होता, तसाच.

नितेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. चाळिशीला टेकलाय, लग्नाचं जमलं नाही. मित्र आहेत, पण शिफ्टपुरते. वेड एकच, काळे-पांढरे फोटो काढायचे, तेही एकाच जातीच्या फिल्मवर.

"आई, ह्यात मिठाच्या राशीचा खडा न खडा उठतो आणि बाजूला उभ्या माणसाचा चेहराही काळा पडत नाही," तो सांगायचा. "दुसऱ्या फिल्मला एक जमलं की दुसरं जमत नाही."

पेणला रामवाडीच्या घरी असताना तो मोरीच्या खिडकीला गोधडी लावून अंधारात रोल धुवायचा आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लटकवायचा. धूळ बसते म्हणून पंखा बंद. मायलेक घामाने निथळत बसून राहायचे.

पुढे ती फिल्म निघायची बंद झाली. मिळाले तेवढे रोल त्याने जमवले आणि खाडीकाठच्या गावांतल्या, मिठागरात जन्म काढलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवले. त्यांना दारात बसवून गप्पा मारायच्या, फोटो काढायचा, मोठा करून घरी नेऊन द्यायचा.

तिथंच चुकलं. त्या घरांत भिंतीवर काळा-पांढरा फोटो चढतो तो गेलेल्या माणसाचा. फोटो काढलेल्यांपैकी दोघं-तिघं वय झालेलंच होतं म्हणून गेले, आणि तेराव्याला हार पडला तो नितेशने काढलेल्या फोटोवर. गावाने सांगड घातली.

एकदा अनिताबाई त्याच्याबरोबर तिकडे गेल्या होत्या. दारात बसलेल्या म्हाताऱ्या काशीबाईंनी लांबूनच त्याला ओळखलं.

"आलास? पुढं जा बाबा. माना नातवाचं लगीन बघायचं हाय."

"नुसता फोटो गो, काशीआजी."

"काळुरामाचापण नुसताच काढलेलास. झाला का नाय कायमचा लांब तो?"

काशीबाईंची सून दिपिका हसत म्हणाली, "मोबाईलवर काढा ना भाऊ, रंगीत. त्यात कोण मरत नाय."

सगळे हसले. नितेशही हसला. चहा झाला, पण कॅमेरा पिशवीतून निघालाच नाही.

वडखळच्या नाक्यावर एसटीची वाट बघताना तो म्हणाला, "एकच रोल उरलाय. कोण बसणार त्याच्यापुढे?" मग आईकडे न बघता, "तू बसतेस?"

"आज नको रे. साडी बघ केवढी चुरगळलीय."

घरी हॉलमध्ये नितेशच्या वडिलांचा फोटो आहे, त्याच फिल्मवरचा. तो काढला आणि पावसाळा सरायच्या आत ते गेले. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेल्या अनिताबाईंना पक्कं ठाऊक होतं की छातीचं दुखणं फोटोच्या कितीतरी आधीचं. तरी साडी चुरगळलेलीच राहिली.

नितेशने पुन्हा विचारलं नाही. खाडीकडे जाणंही सोडलं. सुट्टीला झोपून असतो. फोन केला तर, "हो. जेवलो. ठेवू?"

आज शनिवारी दुपारी अनिताबाई नवऱ्याच्या त्या फोटोची काच पुसत होत्या. पांढरा सदरा, दाढीचे खुंट, कानावरचे केस, सगळं जिथल्या तिथं. आणि ते हसू. हे हसले होते ते कोणाकडे बघून? समोर कॅमेरा धरून पोरगा उभा होता, त्याच्याकडे. इतक्या दिवसांत त्याच्याकडे बघून असं कोण हसलंय?

अनिताबाईंनी कपाटातली निळी सुती साडी काढली आणि इस्त्री केली. उगाच दोनदा.

गार रोल तसाच कॅमेऱ्यात घालायचा नसतो, दव धरतं. आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवावा लागतो. इतक्या वर्षांत हे त्यांनाही पाठ झालं होतं. म्हणजे उद्या फोटोला बसायचं, तर सांगायला हवं आजच. पहिली शिफ्ट सुटली असेल, बसमधून उतरला असेल. भीती वाटते का, असं त्याने विचारलं तर हो म्हणायचं. खोटं बोलायचं नाही. पण तो डबा फ्रिजमधून काढ, हे आधी सांगायचं.

त्यांनी चष्मा शोधला आणि फोन हातात घेतला.