ताडी दारूत धरत नाहीत

माझी नात वर्गात बसत नसे. खिडकीत चढे, दुसऱ्यांच्या पेन्सिली उचले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हे चंचलपणाचं दुखणं आहे. बोईसरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती जेवेनाशी झाली. काल पाठ झालेलं आज विसरायची, ते विसरतच राहिली. माझा मुलगा तिला त्यासाठी मारायचा. मार कशाचा, हे तिला कळत नसे. रडून झालं की त्याच्याच मांडीवर जाऊन बसे.

मग सून आणि मी तिला पालघरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकाखाली बोट फिरवलं. सगळ्यांना असते ती खाच तिथे नाही. वरचा ओठ पातळ, डोळे बारीक. तिचं तोंड रोज मीच धुवायची. मला कधी दिसलं नव्हतं.

"गरोदर असताना दारू घ्यायचीस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाय," सून म्हणाली. मीही नायच म्हटलं. आम्ही खोटं बोललो नव्हतो.

"आणि ताडी?"

"ताडी तर घ्यायचीच की. उन्हात कोण नाय घेत?" सून हसली. "थंड असते ती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे ताडी दारूत धरत नाहीत. दुपारी भाकरीबरोबर सगळेच घेतात. पोटुशीला जरा जास्त देतात, अंगात उष्णता होऊ नये म्हणून.

बाई म्हणाल्या, चंचलपणाचं दुखणं आणि हिचं दुखणं वरून सारखीच दिसतात. चंचल मुलाचं लक्ष उडतं, पण एकदा नीट शिकलं की बहुतेक राहतं. हिच्या डोक्यात गेलेलं टिकत नाही. ताडीही दारूच, पोटात असताना हिच्या मेंदूला ती लागली. नाकाखालच्या, ओठाच्या खुणाही तिच्याच. हे पुरतं बरं होत नाही. मारून तर नाहीच. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, रोज तशीच. गोळ्या त्यांनी बंद केल्या.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, "काय बोलली डॉक्टरीण?" मी सगळं सांगितलं. तो सुनेवर धावला, "म्हणजे हिनंच पोरीची वाट लावली!"

"कारखान्यात लागायच्या आधी ताडावर कोण चढायचं?" मी म्हटलं. "मी का तू? मडकं उतरवून हिच्या हातात कोण द्यायचं?"

तो बाहेर निघून गेला. त्यानंतर त्याने पोरीला हात लावलेला नाही. बोलतही नाही फारसा.

सकाळी मी तिला सांगते, "चप्पल घाल." तिने घातली की मग सांगते, "दप्तर घे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.