अण्णांनी सांगितलेली तिथी

इराने मयुरेशला पहिल्यांदा पाहिलं ते रामकुंडावर. इंदूरहून आलेल्या तिच्या आत्याची पूजा चालली होती आणि सोवळं नेसलेला एक किडकिडीत मुलगा मंत्र सांगत होता. मधेच तो थबकला. समोर एका खंड्याने पाण्यात सूर मारला होता, आणि मासा चोचीत धरून तो पक्षी पलीकडे जाऊन बसेपर्यंत मुलाची नजर त्याच्या मागे मागे गेली. शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनी, यज्ञेश्वरशास्त्रींनी, घसा खाकरला, तेव्हा कुठे मंत्र पुढे सरकला. आत्या चिडली. इराला मात्र हसू आवरेना.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्याने भिक्षुकी सोडली. शनिवार-रविवार लोकांना समुद्रावर पक्षी दाखवायला न्यायचं, हाच उद्योग. पेठचा घाट उतरून डहाणूच्या बाजूला एका ओळखीच्या घरी मुक्काम. दिवाळीच्या आगेमागे तुतवारांचे थवे उतरायचे, थंडीत कुरवांनी किनारा पांढरा व्हायचा, चैत्रात परतीला निघालेले पक्षी तांबूस पिसांत ओळखू यायचे नाहीत. पावसाळ्यात समुद्र बंद. मग तो मंडळींना जवळपासच्या भातशेतांतून हिंडवायचा. माणसं पुन्हा पुन्हा यायची. मयुरेश फार बोलत नसे, पण दुर्बीण दुसऱ्याच्या हातात देताना आपण जे पाहिलं ते त्यालाही दिसेपर्यंत थांबायचा.

यज्ञेश्वरशास्त्री म्हणजे अण्णा. त्यांनी मुलाशी बोलणंच टाकलं. एकाच घरात, एकाच पंगतीत, पण निरोप इराकरवी.

वाट सापडली ती भरतीमुळे. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण होते, हा तिकडच्या लोकांचा ठोकताळा. तृतीया असेल तर सव्वादोनला, द्वितीया असेल तर दीडला. मयुरेशने एका शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यावरून फोन केला आणि विचारलं, "अण्णा, उद्या तिथी कोणती?" शास्त्राचा प्रश्न होता; अण्णांना उत्तर देणं भाग पडलं. पुढच्या वेळी उत्तराबरोबर "जेवलास का?" आलं. मग दर शनिवारी फोन ठरलेला. मयुरेशच्या मोबाइलवर भरतीचं कोष्टक होतं, हे इराला ठाऊक होतं. अण्णांना सांगायची गरज दोघांनाही वाटली नाही.

गेल्या माघातला तो शनिवार. अण्णा झोपाळ्यावर होते, फोनचा स्पीकर चालू होता, इरा पलीकडे मेथी निवडत होती. अण्णा म्हणाले, "तृतीया." क्षणभरही न थांबता. मयुरेशने त्या दिवशी कोष्टक उघडलं नाही.

रविवारी सकाळी तो मंडळींना खाडी ओलांडून वाळूच्या दांड्यावर घेऊन गेला. तिथे कालवफोडे उतरले होते, लाल चोचीचे, आणि सगळे रमले. पाणी पाऊण तास आधी फिरलं. परतताना खाडीत कमरेएवढं पाणी होतं आणि त्याला ओढ होती. बाकीचे निभावले, ज्योत्स्नाताई, दर हंगामाला येणाऱ्या, पाय घसरून खडकावर पडल्या. मांडीचं हाड मोडलं.

त्याच दुपारी इराने भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. शनिवारी द्वितीया होती. रविवारीही द्वितीयाच.

आठवड्याने ज्योत्स्नाताईंचा मुलगा कुंदन घरी आला. चहाला हात न लावता तो म्हणाला, "आईच्या पायात रॉड घातलाय. तुम्ही म्हणे तिथीवरून समुद्र ओळखता." मयुरेशने तिथी चुकल्याचं कबूल केलं, तृतीया धरली होती, म्हणाला.

हे ऐकून अण्णाच भडकले. "भिक्षुकाच्या घरात जन्मलास आणि वृद्धी तिथी कळेना? दोन दिवस एकच तिथी असते, हे पोराला सांगावं लागतं का?"

इराने हातातला ट्रे खाली ठेवला. ती बोलणारच होती. मयुरेशने तिच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. मग अण्णांना म्हणाला, "चुकलं माझं."

रात्री ती भांडली. नाव तुझं जातंय, त्यांचं नाही. तो म्हणाला, "कोष्टक बघणं माझं काम होतं. आणि त्यांना आठवतच नाहीये, इरा. आठवत असतं तर ते असे ओरडले असते का?"

कुंदनने सगळीकडे लिहिलं. खोटं काहीच लिहिलं नाही. चैत्रातल्या सहलीला कोणी नाव दिलं नाही, दिवाळीनंतरच्या सहलीलाही नाही. मधल्या काळात अण्णा एकदा रामकुंडावरून घरी यायची वाट विसरले आणि पेठ रोडला सापडले. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मयुरेशला नवं नव्हतं.

इराने पुन्हा विचारलं, आता तरी ज्योत्स्नाताईंना खरं कळवू या का. आजारी माणूस म्हटल्यावर कोणी रागवणार नाही.

"रागवणार नाहीत," मयुरेश म्हणाला. "कीव करतील. अण्णांना ते बरोबर कळेल. तेवढं त्यांना अजून कळतं."

ज्योत्स्नाताई आता काठी घेऊन चालतात. मयुरेश दोनदा भेटून आला; दुसऱ्या वेळी त्यांनी त्याला बसवून घेतलं, पण पुन्हा सहल कधी, असं विचारलं नाही.

सध्या तो सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सोमवार ते शुक्रवार दिवसा अण्णांजवळ एक बाई येऊन बसतात. इराची नोकरी शनिवारीही असते, म्हणून शनिवार-रविवारची सुट्टी त्याने मागून घेतली आहे, आणि ते दोन्ही दिवस तो घरी अण्णांजवळ असतो.