बाबूचा आकडा

नोएडातली आमची सोसायटी नवी होती, तेव्हा झाडं कमी आणि धूळ जास्त. पोराने कंपनीच्या नोकरीवर फ्लॅट घेतला आणि आम्हा दोघांना चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं. तळमजल्यावर माझ्याच पलटणीतला क्लार्क राहायचा, साताऱ्याकडचा, बायको वारलेली. मी त्याला बाबू म्हणायचो. मी चौथी पास, जन्मभर फौजेच्या गाड्या हाकल्या. तो मॅट्रिक, पंख्याखाली बसून रिटायर झाला.

सोसायटीच्या ऑफिसात महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई बीपी बघायला यायच्या. माझं वरचं एकशे शेहेचाळीस निघालं, बाबूचं एकशे बत्तीस. बाई म्हणाल्या, थोडंच वाढलंय, मीठ कमी करा, चाला. दोन महिन्यांत उतरलं नाही तर गोळी सुरू करू. गोळीला मी भीत नव्हतो. पण बाबूला नाही आणि मला गोळी, हे चालणार नव्हतं.

घरात लोणचं, पापड बंद झाले. बायको अळणी भाजी करायची आणि एकटा आहे म्हणून वाटीभर बाबूला द्यायची. तो वाटी धुऊन परत आणायचा. "भावजी बघा कसे निमूट खातात," ती म्हणायची. मीही तीच भाजी खात होतो. चाळीस वर्षांत माझ्या जेवणाचं असं कौतुक झालं नाही.

पार्कात बाबू तीन चकरा मारायचा, मी सहा. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. तरी पुढच्या महिन्यात एकशे चव्वेचाळीस. हा गडी काहीतरी लबाडी करतो, अशी माझी खात्री झाली.

शेवटच्या तपासणीला मी नेहमीसारखा चार जिने दडदडा उतरलो. मेडिकलला ढिलं जायचं नाही, ही फौजेची सवय. बाईंसमोर छाती काढून, श्वास रोखून, मूठ वळून बसायचं. बाबू बाहेर खुर्चीला टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसला होता. त्याने माझी बाही धरली.

"परेड आहे का ही? बस इथे. आधी दम खा."

"तू शिकवणार मला?"

"मी कशाला. वहिनी म्हणाल्या, माझं ऐकत नाहीत, तुम्ही तरी बसवा."

म्हणजे ती माझी तक्रार ह्याच्याकडे नेत होती. उठून जावंसं वाटलं. पण गोळी डोळ्यांपुढे होती. बसलो. पाच मिनिटं त्याच्यासारखी पाठ टेकून दम खाल्ला. मग आत गेलो आणि हात मेजावर सैल सोडला. एकशे छत्तीस. बाई म्हणाल्या, गोळी नको, असंच चालू ठेवा.

चार जिने सावकाश चढून घरी आकडा सांगितला. बायको हसली, आणि तोंड मिटायच्या आत म्हणाली, "आणि भावजींचं?"

"विचारलं नाही," मी म्हणालो.

एकशे तीस होतं.