पालथा हात

चाचांनी कुठलीही बंद वस्तू पटकन उघडलेली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. दार असो, पेटी असो, भाकरीचा डबा असो, आधी हात पालथा करून त्यावर टेकवायचे, डोळे बारीक करून जरा थांबायचे आणि मग एका बाजूला सरकूनच उघडायचे. "आधी इचारायचं, मंग उघडायचं," हे वर. आता भाकरीच्या डब्याला काय विचारायचं असतं, ते चाचांनाच ठाऊक. एका लग्नात त्यांनी बिर्याणीच्या डेगीलाही असाच हात लावला आणि सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं. आचारी भडकला. "चाचा, शिजवली हाय म्या, पेटवली न्हाई!"

जालन्यात आमच्या जिनिंगमध्ये चाचा बंबावर होते. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बंब म्हणजे चाकांवरची पाण्याची टाकी. चौघांनी दांडे हाणायचे आणि चाचांनी नळीचं पितळी तोंड धरायचं. कापसाचा कारखाना, त्यामुळे हंगामात कुठं ना कुठं ठिणगी पडायचीच. बंबाच्या खोलीला लागूनच मालकांनी त्यांना राहायला खोली दिली होती. चाची आणि ते, दोघंच. लेक अंबडला दिलेली.

मी तिथंच फिटर. वय पंचविशीचं, मिशी नवी, आणि इंजिनातलं आपल्याएवढं कुणालाच कळत नाही अशी खात्री. चाचा मला सगळ्यांदेखत "फिटरसाब" म्हणायचे. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा सरकीच्या कोठीच्या फटीतून धूर यायला लागला. चाचा पालथा हात दारावर ठेवून उभे. मला कुठला दम निघतोय! मी म्हटलं, "चाचा, तुम्ही विचारत बसा, मी उघडतो," आणि कडी काढून दार ओढलं. आतून असा भपका आला की माझी मिशी आणि दोन्ही भुवया जागच्या जागी गेल्या. चाचा आरामात बाजूला उभे होते. आग विझल्यावर म्हणाले, "आत कोंडलेला अंगार उपाशी असतो, फिटरसाब. दार उघडलं की हवा खायाला भायेर येतो. तुमी त्याच्या ताटात तोंड घातलं."

आठच दिवसांनी मला परतूरला मुलगी पाहायला जायचं होतं. आईनं काजळानं भुवया काढून दिल्या. घामानं त्या गालावर उतरल्या, ते सगळं सांगत नाही. लग्न झालं, एवढंच पुरे.

मग लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. आमच्या मालकांकडे एक काळी मोटार होती. पोटच्या पोरापेक्षा तिच्यावर जीव. ड्रायव्हर बॉनेट उघडून काहीबाही काढून विकतो, असा त्यांना संशय. त्यांनी मला बोलावून फर्मावलं, "बॉनेटला दोन्ही बाजूंनी कडी-कोयंडा बसव." मी बसवला, मोठ्या हौसेनं. दोन पितळी कुलपं लागली. एकाच किल्लीनं दोन्ही उघडत. एक किल्ली मालकांच्या घरी तिजोरीत आणि दुसरी त्यांच्या कमरेच्या करदोड्याला.

चाचा येऊन बघून गेले. बॉनेटवर पालथा हात ठेवून म्हणाले, "हिला आग लागली तर उघडायचं कसं?"

मी म्हटलं, "मालकांना बोलवायचं."

"आन् मालकाचं धोतर सुटेपर्यंत आगीला बसायला पाट द्यायचा का?"

मी खो खो हसलो. हसायला काय जातंय!

मार्गशीर्षातली दुपार होती. आवारात कापसाच्या गाड्यांची रांग, दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीचे ढीग. मालक नुकतेच मोटारीतून उतरून आत गेले होते आणि ड्रायव्हर चहाला. मी इंजिनघराच्या दारात उभा होतो. बघतो तर बॉनेटच्या बाजूच्या फटींतून धूर.

कुलपं मीच लावलेली ना! पहार घेऊन धावलो. कोयंडा उचकटायला पहार घातलीच होती, तेवढ्यात चाचांनी माझं मनगट धरलं. "पहार खाली!"

"चाचा, आत जळून राह्यलं!"

"जळू दे. कुलूप हाय तवर ती आत कोंडलेली हाय. तू उघड, म्हंजे बराबर कापसावर जाईल."

पुढचं सगळं त्यांनी असं केलं, की जणू रोज दुपारी हेच करत होते. गाड्या मागं घेतल्या. बंबाचं पाणी मोटारीवर मारू दिलं नाही. "पेट्रोलवर पानी बिलकुल नक्को, तरंगत तरंगत पसरतंय." पाणी कापसाच्या ढिगांवर मारलं आणि गोणपाटांवर. मोटारीखाली वाळूचा बांध घातला. मग ती ओली गोणपाटं बॉनेटच्या फटींवर आणि पुढच्या जाळीवर चापून बसवली. हवा जायला जागाच ठेवली नाही.

तेवढ्यात मालक आले. एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्या हातानं करदोड्यातली किल्ली ओढत. "सरका! उघडू द्या! माझी मोटार!"

चाचांनी त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली. आम्ही सगळे गार. मालकाच्या हातातून किल्ली!

"थोडा दम खा, मालक."

"किल्ली दे म्हणतो ना! हे बघ, या घडीला तू नोकरीवरून बंद! खोली खाली कर!"

चाचांचा चेहरा जरा उतरला. मी जवळ होतो, मला दिसलं. वीस वर्षं त्या खोलीत काढलेली. मग म्हणाले, "बराबर हाय, मालक. म्या बरखास्त. पन ही आग नोकरीवर असताना लागलेली हाय, तेवढी इझवून जातो."

आणि बॉनेटवर पालथा हात ठेवून उभे राहिले. एकदा ठेवला, मान हलवली. परत ठेवला, परत मान हलवली. मालक तोंडाला येईल ते बोलत होते. शेवटी चाचांनी हाताला गोणपाट गुंडाळून दोन्ही कुलपं काढली, बाजूला सरकून पहारीच्या टोकानं झाकण चार बोटं वर केलं आणि मला ओरडले, "वाळू!" मी फटीतून घमेलंभर वाळू फेकली. झाकण बंद. परत चार बोटं, परत वाळू. मालकांना राहवेना. ते पुढून वाकून फटीत बघायला गेले, आणि आतून उरलीसुरली एक जीभ लप्पकन बाहेर आली.

मालकांची उजवी भुवई गेली. डावी राहिली.

चाचांनी झाकण दाबलं आणि शांतपणे मला विचारलं, "फिटरसाब, तुमच्या घरी काजळ शिल्लक हाय का?"

एकही बोंड जळलं नाही. चाचांनी दोन्ही हातांनी किल्ली मालकांना परत दिली, नळीचं पितळी तोंड पुसून खुंटीला लावलं आणि घरी गेले. मला वाटलं, मालक आता हाक मारतील. ते एका भुवईनं बघतच राहिले. कुलपं लावणारा मी, माझी नोकरी शाबूत, आणि चाचा बरखास्त. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडला जायला गाडी दारात. चाची भांडी बांधत होती. मी तिथं पोचलो तर मागून मालक, पायी. डोक्यावर टोपी पार डोळ्यांपर्यंत ओढलेली. त्यांनी मला खूण केली. मी दार वाजवलं.

आतून आवाज आला, "कोन, फिटरसाब? मालक आल्यात का संगं?"

"हो."

"थंड झाले का?"

मी मालकांकडे बघितलं. मालकांनी माझ्याकडे. मग स्वतःच म्हणाले, "झालो रे बाबा, झालो. उघड."

चाचांनी बाजूला उभं राहूनच दार उघडलं. मालकांना माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी करदोड्याची किल्ली सोडली आणि पुढं केली. "ही तुझ्याकडं राहू दे. घरी दुसरी आहे." चाचांनी दोन्ही हातांनी किल्ली घेतली. चाचीनं बांधलेली भांडी सोडायला घेतली.

ती किल्ली पुढं चाचांच्या खोलीत खुंटीला लटकत असायची. मोटारीला परत कधी आग लागली नाही. चाचा मात्र रोज सकाळी बॉनेटला हात लावून जायचे.

त्यानंतर काही वर्षांनी मी घनसावंगीला एक इंजिन दुरुस्त करायला गेलो होतो. चार दिवसांनी परत आलो तर लोकांनी सांगितलं, चाचा गेले. दोन दिवसांचा ताप. दफन झालं होतं, चाचीला लेक अंबडला घेऊन गेली होती. मी भेटायला नव्हतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

मालकांनी मला सांगितलं, खोलीतली किल्ली घेऊन ये. मी गेलो. पत्र्याचं दार, बाहेरून कडी घातलेली. कडीला हात घालणार, तेवढ्यात माझाच हात पालथा झाला आणि दारावर टेकला. दार चांगलंच तापलेलं होतं. वैशाखाचं ऊन होतं ते, मला का कळत नव्हतं? तरी मी बाजूला सरकलो आणि दार गार होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.