बेड्यावर न जाता लिहिलेली हजेरी

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. मेळाव्यांत माईक हातात घेऊन सरकारला जाब विचारला, पत्रकं लिहिली, वाटली — पण हे नाही. माझं एखादं पत्रक तुम्हीही वाचलं असेल. मग हेही वाचा.

माझे बाबा वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका गावाचे पोलीस पाटील. गावाबाहेर माळावर पारध्यांचा बेडा आहे, पंधरा-वीस झोपड्यांची वस्ती. जत्रा असली, चोरी झाली, कुणी मंत्री येणार असला, की ठाण्यातून फोन यायचा — बेड्यावर आज कोण आहे, कोण नाही, लिहून ठेवा. कोणत्या कायद्यानं? बाबांनी कधी विचारलं नाही. मीही नाही. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून संध्याकाळी जाऊन नावं मी लिहायचे. घरी आम्ही त्याला हजेरी म्हणायचो.

मी तेव्हा लहान होते, असं बाबा म्हणतात. खोटं आहे. एकोणीस वर्षांची होते, मतदान करून आले होते. समतेच्या, हक्कांच्या पुस्तिका वाचतच वाढले होते. कित्येक पानं तोंडपाठ होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी बेड्यावर गेलेच नाही. का? इथेच माझी जीभ अडते — मी वाचत होते. दूरच्या खंडातल्या मूलनिवाशांवरची पुस्तिका होती. सरकारनं कायदा करून त्यांची लेकरं आयांपासून तोडली, त्यांची भाषा विसरायला लावली. मी रडत होते. खरंच रडत होते. बाबांनी ओसरीतून आवाज दिला, "झाली का वं हजेरी?" मी डोळे पुसले आणि बसल्या जागी वही भरली. सगळेच हजर दाखवले तर संशय येईल — म्हणून एका नावापुढे गैरहजर लिहिलं. किसन. किसनच का? काही कारण नव्हतं. राग नव्हता, वैर नव्हतं. नुसतं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, एका शेतातली पाण्याची मोटार चोरीला गेली. जीप सरळ किसनच्या झोपडीसमोर थांबली. अकरा दिवसांनी तो परत आला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. मोटार पुढे मालकाच्या भाच्याकडे सापडली. किसनचं नाव मात्र संशयितांच्या यादीत राहिलं. कुठेही काही झालं की आधी त्यालाच नेतात. मी गप्प बसले.

दोन वर्षांनी वाशिमच्या एका वाचनालयात आपल्याच देशातला कायदा वाचला. इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांपुढे हजेरी द्यायची, गाव सोडायला परवाना घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, तर सराईत गुन्हेगारांच्या नावानं दुसरे आले. हजेरी — आमच्या घरातला शब्द तिथे छापलेला होता. मग मी काय केलं? पत्रक लिहिलं! सरकार आजही हजेरी घेतं, असं ठणकावलं. टाळ्या पडल्या. ती घेतं कोण, ते लिहिलं नाही.

सरकार दोषी आहे. यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण त्याच्या आड लपणार नाही.

गेल्या महिन्यात मी माझ्या सहीनं ठाण्यात लेखी जबाब दिला, पोच घेतली. बाबांची पाटीलकी जाईल कदाचित. "काहून उकरून राह्यली आता? तो तं विसरला असन," बाबा म्हणाले. विसरला असेल? ज्याची मूठ वळत नाही, तो?

जबाबाची प्रत घेऊन मी बेड्यावर गेले. किसनला वाचता येत नाही, म्हणून त्यात काय आहे ते तोंडानं सांगितलं. त्याची बायको शेवंता कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आमाले वाटे, याले गैरहजर लिवणारा ठाण्यातला कोनी सायेब असन. हे तं पाटलाची पोरगी निंघाली! अक्षर लय चांगलं हाय म्हनतात इचं." कुणीतरी हसलं. किसन हसला नाही.

"वाच," तो म्हणाला.

मी दोन ओळी वाचल्या. त्यानं हात वर केला. "थांब. सारे बाहीर येऊ दे."

झोपड्यांतून माणसं आली, बाया आल्या, उभी राहिली.

"आता पयल्यापासून वाच. तुयं नाव मोठ्यानं."

मी नावापासून सुरुवात केली.