उस्तादांची सिगारेट

माझा कान तयार आहे, असं मी सहा वर्षं लोकांना सांगत होतो. करोल बागेतल्या मागच्या गल्लीतलं माझं दुकान त्या कानावरच उभं होतं. पन्नाशी उलटलेल्या मोटरसायकली माझ्याकडे यायच्या. कुणाच्या आजोबांच्या, कुणी भंगारातून सोडवून आणलेल्या. मी एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचो, टोक चालू इंजिनावर टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि डोळे मिटायचो. शेजारी ऑटोवाला हॉर्न बडवत असला तरी चेहरा समाधी लागल्यासारखा. मग म्हणायचो, "टायमिंग केसभर मागे आहे." लोक थक्क व्हायचे. मीही व्हायचो.

टायमिंग म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडते ती वेळ. ती लावायची जुनी रीत सोपी आहे. ठिणगी पाडणाऱ्या दोन पॉइंटांच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरायचा, इंजिन हाताने सावकाश फिरवायचं, आणि कागद अलगद सुटला की तीच वेळ. मला ही रीत अगदीच अडाणी वाटायची. गुडगावची आयटीतली नोकरी सोडून मी या धंद्यात पडलो, ते काय कागद धरायला? शेवटचं टायमिंग मी नेहमी कानानेच लावायचो, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना.

बाकीचं सगळं, म्हणजे इंजिन उतरवण्यापासून पुन्हा बसवण्यापर्यंतचं काम, उस्ताद करायचे. साठीचे, कमी बोलणारे, चहा आयुष्यात न घेतलेले. त्यांना एकच व्यसन होतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन निघालं की ते हात पुसत म्हणायचे, "साहब, एक सिगरेट पी के आता हूँ," आणि गल्लीच्या कोपऱ्याकडे जायचे. मी त्यांना खूप समजावलं. फुप्फुसांबद्दल भाषणं दिली, बडीशेपेच्या पुड्या आणल्या. एकदा तर सिगारेटच्या पाकिटावरचं ते भयंकर चित्र कापून त्यांच्या टूलबॉक्सवर चिकटवलं. उस्ताद मान खाली घालून ऐकायचे आणि पुढची गाडी गेली की पुन्हा कोपऱ्याकडे. मला मनापासून वाईट वाटायचं.

माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मीबाई नगरात राहणारे एक सरकारी अधिकारी. पहिल्या दिवशी आम्ही दोघं कार्ब्युरेटरवर दहा मिनिटं हिंदीत बोलत होतो. मग त्यांचा हात गरम सायलेन्सरला लागला आणि ते "आई गं" म्हणाले. झालं. दिल्लीत असा माणूस सापडला की आपलं डोकं चालायचं थांबतं. बाकी गिऱ्हाइकांना मी दहा प्रश्न विचारायचो, गाडी कशी धावते, कुठे अडते, चढावर काय करते. यांना फक्त, "काय, झकास ना?" आणि ते म्हणायचे, "एकदम. तुमच्या कानाला तोड नाही, डॉक्टर." हिंदीतली स्तुती मी अर्धी सोडून द्यायचो. मराठीतली पूर्ण घरी न्यायचो आणि बायकोला ऐकवायचो. ती भाजी निवडत "हो का" म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांची रॅली होती. रविवारी निघायचं, रिजच्या टेकडीवरून हिंदूराव हॉस्पिटलचा चढ चढून पलीकडे जायचं. शुक्रवारी डॉक्टरांनी, म्हणजे मी, या अधिकारी साहेबांच्या गाडीचं टायमिंग कानाने लावलं. ते निघाले, उस्ताद सिगारेट प्यायला गेले, आणि माझ्या लक्षात आलं की साहेब हेल्मेट बाकावर विसरलेत. मी ते उचलून धावत सुटलो.

कोपऱ्यावर, चहाच्या टपरीमागे, साहेबांची गाडी स्टँडवर उभी होती. उस्ताद तिच्याजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी एक सिगारेट नखाने उभी चिरली, तंबाखू टपरीवाल्याच्या डबीत ओतली आणि कागदाची बारीक पट्टी पॉइंटांत धरली. साहेब चहाचा ग्लास हातात घेऊन उभे होते. रोजच्या जागी उभं राहिलेल्या माणसासारखे, निवांत.

मला बघताच त्यांचा ग्लास तोंडापाशीच थांबला. "अहो, तसं काही नाही…"

"किती वर्षं?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "सगळ्यांचंच असं होतं. तुम्ही इतके खूश असता ना लावताना. आणि वहिनीच म्हणाल्या होत्या, त्याला बोलू नका."

उस्तादांनी कागद सुटेपर्यंत वर पाहिलं नाही. मग म्हणाले, "साहब, सुनते आप अच्छा हैं. बस, ज़रा एडवांस सुनते हैं."

म्हणजे माझी ठिणगी वेळेच्या आधी पडते. सहा वर्षं, प्रत्येक गाडीत.

मी हेल्मेट टपरीच्या बाकावर ठेवलं आणि परत आलो. इंजिनातला कणभर खडखडाट ऐकू येणाऱ्या या माणसाला, रोज खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या उस्तादांच्या अंगाला कधीच धुराचा वास नव्हता, हे कळलं नव्हतं. त्याचं मला हसू आलं असतं. पण "झकास" आठवलं आणि आलं नाही.

घरी बायको म्हणाली, पहिल्याच महिन्यात तू लावलेल्या गाडीवर आपण दोघं रस्त्यात दोन तास अडकलो होतो, आठवतंय? मला आठवत होतं. मी तेव्हा पेट्रोलला दोष दिला होता. "मग काय करणार होते?" ती म्हणाली. "नोकरी सोडून झाली होती तुझी. दुसऱ्या दिवशी मीच उस्तादांना भेटले."

शनिवारी मी माझी स्वतःची गाडी घेतली. उस्तादांना बजावलं, हिला हात लावायचा नाही. मला एकदा कळायलाच हवं होतं, माझ्याकडे कान आहे की मी सहा वर्षं नुसता स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसलोय. तासभर लावलं. इतकं गोड मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी हिंदूरावच्या चढावर ती आधी टकटकली, मग तापली आणि हॉस्पिटलच्या अलीकडे बंद पडली. मी किक मारली. किक उलटी आली आणि नडगीवर बसली. दुसरीही. नडगी चोळत उभा असताना रॅलीतल्या एकामागून एक गाड्या जात होत्या आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक माझ्या दुकानातून गेलेली होती. कोपऱ्यावरून.

साहेब थांबले. गाडी बंदही केली नाही, इतकी ती सुरेख चालत होती. "काय झालं हो? मी थांबू का?"

"कुछ नहीं, भाईसाहब," मी म्हणालो. "आप चलिए."

त्यांना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांची मान खाली गेली आणि ते गेले.

मी फुटपाथवरच्या पानवाल्याकडून एक सिगारेट घेतली. चिरताना ती फाटली. दुसरी घेतली, तीही गेली. तिसरीची पट्टी निघाली. पानवाला हे सगळं बघत होता. त्याने माचीस पुढे केली आणि मी नको म्हटल्यावर परत घेतली. शुक्रवारी पाहिलं होतं तसं कागद धरला, इंजिन फिरवलं, कागद सुटला तिथे स्क्रू आवळला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि चढ चढली. कुरकुर नाही, टकटक नाही. फक्त माझ्या कानाला ती पूर्ण रस्ताभर चूक वाजत होती.

आता दुकानात टायमिंग मी कागदानेच लावतो. लांब स्क्रूड्रायव्हर मी शटरची कडी उचकटायला वापरतो. उस्तादांनी सिगारेट सोडली. बायकोशी दोन आठवड्यांनी नीट बोलू लागलो. साहेब अजून येतात, मराठीत बोलतात, मी हिंदीत उत्तर देतो. कार्ब्युरेटरपलीकडे आमचं बोलणं जात नाही.

परवा त्यांची गाडी मी कागद धरून, जीव लावून लावली. ते निघाले. उस्तादांनी हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहब, ज़रा चाय पी के आता हूँ."

मी त्यांच्या मागे गेलो नाही. बाकावर बसून राहिलो आणि ते परत येईपर्यंत कोपऱ्याकडे पाठ केली.